197 चं जुळं

जानेवारी लागला की आमच्या प्रयोगशाळेच्या जिन्यापर्यंत द्राक्षांचा वास येतो. निफाड, दिंडोरी, तासगावकडून खोकी येतात. ऑक्टोबर छाटणीच्या बागा तोडणीला आलेल्या असतात आणि व्यापाऱ्याला तोडणीआधी एक कागद हवा असतो: या मालात औषधाचा अंश नाही. तो कागद तयार करणं हे माझं काम. यंदा पाचवा हंगाम झाला.

काम सांगायला सोपं आहे. दोन किलो द्राक्षं मिक्सरमध्ये फिरवायची, दहा ग्रॅम लगदा तोलून घ्यायचा, त्यात दहा मिलिलिटर इथाइल ॲसिटेट घालून खळखळून हलवायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, वरचा निवळ द्राव करंगळीएवढ्या व्हायलमध्ये भरायचा. त्यातला एक मायक्रोलिटर, म्हणजे थेंबाचाही बारीक अंश, यंत्राची सुई आत सोडते. पुढचं सगळं स्टीलच्या पेटीत घडतं आणि संगणकाच्या पडद्यावर टोकं उमटतात. आम्ही आपसात त्यांना पीक म्हणतो, पण शेतकऱ्याशी बोलताना त्या शब्दाचा घोळ होतो, म्हणून मी टोकच म्हणते.

पहिल्या हंगामात, 2021 मध्ये, मी त्या टोकांकडे बघून सही करत होते. क्लोरपायरीफॉस हे तेव्हा सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव होतं. पिठ्या ढेकणावर आणि वाळवीवर वर्षानुवर्षं चालत आलेलं औषध. युरोपीय संघानं जानेवारी 2020 मध्ये त्याची मान्यता पुढं चालू ठेवायला नकार दिला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून अंशाची मर्यादा किलोला 0.01 मिलिग्रॅमवर आणली. जेमतेम मोजता येईल एवढीच ही मात्रा. हिशेब करून बघा. आमच्या एका मायक्रोलिटरमध्ये एक मिलिग्रॅम द्राक्षाचा अर्क असतो. मर्यादेवरचा माल असेल तर त्यात क्लोरपायरीफॉस किती? दहा पिकोग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले दहा.

त्या हंगामात निफाड तालुक्यातल्या एका बागेचा नमुना आला. कॉलम नावाच्या लांब, बारीक नळीतून प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळेला बाहेर पडतो. क्लोरपायरीफॉस जिथं निघतं त्याच मिनिटाला 197 या आकड्यावर टोक दिसलं. हिशेब मर्यादेच्या थोडा वर गेला. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, मागं तीस नमुने रांगेत होते. मी "आढळले" असं लिहिलं. व्यापाऱ्यानं तो प्लॉट सोडला. माल मिळेल त्या भावात गेला.

आठवड्यानंतर बागेचे मालक स्वतः आले. पन्नाशीचे गृहस्थ, हातात प्लास्टिकच्या पिशवीत फवारणीची वही. मला वाटलं आता भांडण होणार. ते भांडले नाहीत. वही टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ताई, हे औषध मी दोन वर्षांत मारलेलं नाही. तुमच्या मशीनला दिसलं म्हणता. दिसलं म्हणजे नेमकं काय दिसलं?"

मी म्हणाले, "काका, 197 ला पीक आलाय."

ते म्हणाले, "पीक माझं गेलं. हे 197 म्हणजे काय?"

मला सांगता आलं नाही. एमएस्सी झालेली, यंत्र चालवता येत होतं, पण त्या पेटीत रेणूचं काय होतं आणि 197 हा आकडा कुठून येतो हे मी परीक्षेपुरतं पाठ केलेलं होतं. त्यांना चहा दिला, पुन्हा बघते म्हणाले. ते गेले. मी पुन्हा बघितलं नाही. रांगेत नमुने होते.

मला शिकवलं ते एका गळतीनं आणि एका निवृत्त माणसानं. आमच्याकडे सल्लागार म्हणून एक सर यायचे. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात त्यांचं आयुष्य गेलं होतं. तिथं वस्तुमान वर्णपटमापक, ज्याला आम्ही सरळ मास स्पेक म्हणतो, परदेशातून न आणता घडवण्याचं काम झालेलं आहे, आणि त्या कामात त्यांचे हात काळे झालेले होते. आमच्या तयार, चकचकीत यंत्राकडे ते जरा परक्यासारखे बघत. पण ते उघडलं की सुखावत.

फेब्रुवारी 2022 मधली रात्र. सकाळपासून यंत्राची संवेदनशीलता ढासळत होती. सरांनी मला पार्श्वभूमी बघायला सांगितलं, म्हणजे नमुना न सोडता यंत्रात काय आहे ते. 18 ला पाणी, ते नेहमीच थोडं असतं. 28 ला उंच टोक आणि 32 ला त्याच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढं. सर म्हणाले, "चारास एक. हे काय आहे?" हे मला माहीत होतं. नायट्रोजन आणि ऑक्सिजन. हवा आत येत होती.

या पेटीला हवा का चालत नाही, ते सांगते. आत सोर्स नावाचा भाग असतो, सुपारीपेक्षा जरा मोठा स्टीलचा ठोकळा, मधे पोकळी. पोकळीच्या एका बाजूला फिलामेंट: रेनियमची किंवा टंगस्टनची केसासारखी तार. ती दोन हजार अंशांच्या आसपास तापवली की तिच्यातून इलेक्ट्रॉन उकळून बाहेर पडतात. आमच्या यंत्रात हा प्रवाह 35 मायक्रोअँपिअर असतो. ऐकायला काहीच नाही, पण सेकंदाला 200 लाख कोटींहून जास्त इलेक्ट्रॉन होतात. फिलामेंट आणि पोकळी यांच्यात 70 व्होल्टचा उतार ठेवलेला असतो. त्या उतारावरून आलेल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनकडे 70 इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा असते आणि वेग सेकंदाला सुमारे 5000 किलोमीटर. या वेगानं तो एका सेकंदात मुंबई-दिल्ली हवाई अंतर चार वेळा कापेल. सोर्सच्या दोन्ही बाजूंना छोटे चुंबक असतात, त्यामुळे तो सरळ न जाता मळसूत्राच्या आट्यासारखा फिरत पुढं सरकतो. वाट लांबते, रेणू गाठण्याची संधी वाढते.

हवा शिरली की तार जळते, हे एक. दुसरं म्हणजे तयार झालेला आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावून भारित झालेला रेणू, पुढं वजनानुसार निवडणाऱ्या चाळणीतून जाऊन मोजणीच्या टोकापर्यंत एकटा पोचला पाहिजे. वाटेत कुणी धडकता कामा नये. साध्या हवेत रेणू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकंही न धडकता जात नाही. पंप लावून दाब दहा कोटींनी कमी केला की तोच रेणू काही मीटर निर्धास्त जातो. म्हणून पंप चोवीस तास घुमत असतो, आणि म्हणून एक ढिला नट आख्खा दिवस खातो.

शेजारच्या यंत्राजवळ आर्गॉनचा सिलिंडर होता. सरांनी त्याला बारीक नळी जोडली, आर्गॉनची झुळूक एकेका सांध्यावर धरायला सांगितली आणि स्वतः पडद्यासमोर 40 या आकड्यावर नजर लावून बसले. दाराच्या रबरी कड्यावर काही नाही. पंपाच्या जोडावर काही नाही. कॉलम जिथून पेटीत शिरतो त्या नटापाशी नळी नेली आणि सर म्हणाले, "थांब."

40 चं टोक छतापर्यंत गेलं होतं. मी पाना उचलला. सर म्हणाले, "पाव फेरा नंतर. आधी इकडे ये. हे 20 ला काय दिसतंय?"

40 च्या डावीकडं, 20 वर, एक बारीक टोक उभं होतं. मी म्हणाले, "निऑन?"

"निऑन कुणी सोडला? तू आर्गॉन धरला आहेस."

मी गप्प.

"आर्गॉनच आहे. एका इलेक्ट्रॉननं त्याचा एक काढला तर तो 40 ला दिसतो. दोन काढले तर भार दुप्पट. यंत्र वस्तुमान मोजत नाही, वस्तुमान भागिले भार मोजतं. चाळीस भागिले दोन."

मग त्यांनी जे केलं ते मी कुठल्या वर्गात पाहिलेलं नव्हतं. आमच्या यंत्रात इलेक्ट्रॉनची ऊर्जा बदलता येते. रोजच्या कामात कुणी तिला हात लावत नाही, 70 म्हणजे 70. सरांनी 60 केली. 20 चं टोक बुटकं झालं. 50 केली, आणखी बुटकं. 45 ला ते असून नसल्यासारखं. 40 केली आणि ते गेलं. उरला नुसता कागदी सपाटपणा. आणि शेजारी 40 चं टोक मात्र अजून ताठ उभं.

"आर्गॉनचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला 15.8 लागतात," सर म्हणाले. "दुसरा त्याहून घट्ट, त्याला 27.6. बेरीज कर." 43.4. चाळीसवाल्या इलेक्ट्रॉनच्या खिशात तेवढे पैसेच नाहीत. म्हणून नाही म्हणजे नाही. थोडा नाही, कमी नाही. अजिबात नाही.

मग ते 40 वरून खाली उतरत गेले. 30, 25, 20. 40 चं टोक खचत गेलं. 16 च्या जवळ ते विझलं. सरांनी लगेच बजावलंही: तारेतून निघालेले सगळे इलेक्ट्रॉन अगदी एकाच ऊर्जेचे नसतात, व्होल्टेज उतरवलं की तारेतून येणारा प्रवाहही घटतो, त्यामुळे या यंत्रावर दशांशापर्यंत भरवसा ठेवू नकोस. तरी माझ्या अंगावर काटा आला होता. पुस्तकातला आयनीकरण ऊर्जेचा तक्ता मी शेकडो वेळा पाहिला असेल: हायड्रोजन 13.6, हेलियम 24.6, सोडियम 5.1. ते आकडे म्हणजे खरोखरीचे उंबरे आहेत आणि उंबऱ्याच्या अलीकडं काही घडत नाही, हे मी त्या रात्री पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

नट आवळला. पंप हवा ओढून काढेपर्यंत दीड-दोन तास थांबायचं होतं. सर बोलत राहिले आणि मी त्यांना काकांचा प्रश्न विचारला. दिसलं म्हणजे नेमकं काय दिसतं?

ते म्हणाले, आधी टक्कर हा शब्द डोक्यातून काढ. गोटीवर गोटी आपटावी तसं काही होत नाही. आलेला इलेक्ट्रॉन रेणूच्या जवळून किंवा आतून सपकन निघून जातो. जाताना त्याच्या विद्युत क्षेत्राचा झटका रेणूतल्या इलेक्ट्रॉनांना बसतो. एखाद्याला उंबरा ओलांडण्याइतकी ऊर्जा मिळाली तर तोही सुटतो. आत एक गेला, बाहेर दोन आले. आणि त्या दोघांतला पाहुणा कोण आणि घरचा कोण, हे सांगता येत नाही. आपल्याला माहिती कमी आहे म्हणून सांगता येत नाही असं नाही. इलेक्ट्रॉनांना ओळखच नसते. 70 मधून आर्गॉनचे 15.8 वजा केले की 54.2 उरतात, ते हे दोघं वाटून घेतात, आणि वाटणी बहुधा विषम असते. एक वेगानं जातो, दुसरा रेंगाळतो.

"सोपं वाटतं ना?" सर म्हणाले. "एक इलेक्ट्रॉन आणि हायड्रोजनचा अणू. तीनच कण. न्यूटनला सूर्य, पृथ्वी, चंद्रानं जसं छळलं तसंच इथं आहे. तिघंही भारित, आणि दूर गेले तरी एकमेकांना ओढत-ढकलत राहतात. अमेरिकेतल्या चौघांनी महासंगणक लावून हे गणित पूर्ण सोडवलं तेव्हा 1999 साल उजाडलं होतं." रेसिग्नो, बर्टशी, आयझॅक्स आणि मकर्डी, ही नावं मी नंतर शोधून वाचली. क्वांटम सिद्धांत तोवर सत्तरीच्या पुढं गेला होता. त्याआधीच कितीतरी वर्षं जगभरच्या प्रयोगशाळा याच घटनेवर रोजचे अहवाल देत होत्या. घटना घडवता येत होती, मोजता येत होती. तिचं गणित मागून आलं.

मग 70 च का, तर त्याचंही उत्तर आयनीकरणाच्या शक्यतेच्या आलेखात आहे. उंबरा ओलांडल्यावर आयनीकरणाची शक्यता भराभर चढते, उंबऱ्याच्या काही पट ऊर्जेला माथा गाठते आणि मग हळूहळू उतरते. फार वेगवान इलेक्ट्रॉन इतक्या चटकन निघून जातो की झटका पुरेसा बसत नाही. आपल्या औषधांसारख्या सेंद्रिय रेणूंचे उंबरे नऊ-दहाच्या आसपास असतात, आणि त्यांच्यासाठी 70 हे माथ्यावरचं पठार आहे. व्होल्टेज एखाददुसऱ्यानं इकडंतिकडं झालं तरी निकाल हलत नाही. म्हणून पुण्यातलं यंत्र, हॅम्बुर्गमधलं यंत्र आणि चाळीस वर्षांपूर्वीचं यंत्र एकाच रेणूचं जवळजवळ सारखंच चित्र काढतात. अशी तीन लाखांहून जास्त संयुगांची चित्रं आज संग्रहात आहेत, सगळी 70 वर काढलेली. माझ्या मते रसायनशास्त्रातली ही सर्वांत उपयोगी सहमती आहे.

आता मुख्य गोष्ट. इलेक्ट्रॉन गमावलेला रेणू शांत बसत नाही. इलेक्ट्रॉन रेणूतून जातो तो काळ इतका छोटा, की कार्बन-हायड्रोजन बंधाचं एक कंपन व्हायला लागतो त्याच्या पन्नासाव्या हिश्शात तो पार झालेला असतो. अणूंना हलायलाही सवड मिळत नाही. सगळा धक्का इलेक्ट्रॉनांच्या पातळीवर बसतो आणि मग तो आत झिरपतो. 70 पैकी बहुतेक ऊर्जा निघून जाणारे इलेक्ट्रॉन घेऊन जातात, रेणूत मोजकेच इलेक्ट्रॉन व्होल्ट उरतात. पण रासायनिक बंध तोडायला तीन-चार पुरतात. रेणू तुटतो. कुठंही नाही, जिथं कमकुवत आहे किंवा तुटल्यावर जे तुकडे तग धरतील तिथंच. प्रत्येक रेणू स्वतःच्या पद्धतीनं तुटतो, आणि आपण त्याला ओळखतो ते त्या तुकड्यांवरून.

क्लोरपायरीफॉस अखंड राहिला असता तर 349 ला दिसला असता. तिथं जवळजवळ काहीच दिसत नाही. त्याचा एक क्लोरीन अणू सुटतो, 35 वजा होतात आणि 314 ला टोक येतं. दुसरीकडे तीन क्लोरीनवाली कडी वेगळी होते, ती 197. काकांना मी सांगायला हवं होतं ते हे होतं: 197 म्हणजे त्या औषधाचा एक तुटलेला तुकडा.

"आणि क्लोरीन दोन वजनांचा असतो," सर म्हणाले. "35 आणि 37. निसर्गात साधारण तीनास एक. ज्या तुकड्यात तीन क्लोरीन आहेत त्याची टोकं किती आणि कशी येतील, काढ बघू."

मी कागदावर काढलं. तिन्ही हलके असतील तर 197. एक जड असेल तर 199, आणि तो जड तिघांपैकी कुठलाही असू शकतो, म्हणून त्याला तीन वाटा. एकाची शक्यता तिसऱ्या हिश्शाची, पण वाटा तीन. 199 जवळजवळ 197 इतकंच उंच आलं. शंभरास शहाण्णव. पुढं 201, एकतीसच्या आसपास. हे जुळं आहे. 197 एकटं येऊच शकत नाही. आलं तर तो तीन क्लोरीनचा तुकडा नव्हे, म्हणजे क्लोरपायरीफॉस नव्हे.

पेन खाली ठेवलं तेव्हा मला काय आठवलं हे वाचकाच्या लक्षात आलंच असेल.

जुन्या फायली यंत्राच्या संगणकात असतातच. मी 2021 चा तो नमुना उघडला. आम्ही तेव्हा 197, 199, 314 आणि 316 या चारही आकड्यांवर नजर ठेवून मोजणी करत होतो, मोजणी झालेली होती, आकडे साठवलेले होते. 197 ला टोक. 199 ला खडबडीत जमीन. 314 आणि 316 ला काही नाही. एक वर्ष ते तिथं पडून होतं. द्राक्षाच्याच अर्कातलं दुसरं काहीतरी त्याच मिनिटाला बाहेर पडलं होतं आणि त्याचाही एक तुकडा 197 वजनाचा होता. युरोपच्या मार्गदर्शक सूचना अशा यंत्रावर किमान तीन आयन बघायला सांगतात आणि त्यांच्या उंचीचं गुणोत्तर शुद्ध नमुन्याच्या 30 टक्के अलीकडे-पलीकडे बसलं पाहिजे म्हणतात. ही अट मला तोंडपाठ होती. ती का आहे हे कळलेलं नव्हतं, म्हणून घाईच्या रात्री ती मला औपचारिकता वाटली.

मी रडवेली झाले होते. सर समजूत घालणाऱ्यातले नव्हते. त्यांनी फ्रांक आणि हर्ट्झ यांची गोष्ट सांगितली. 1914 साली बर्लिनमध्ये या दोघांनी पाऱ्याच्या वाफेतून इलेक्ट्रॉन सोडले आणि ऊर्जा हळूहळू वाढवत नेली. 4.9 व्होल्टला इलेक्ट्रॉनांनी अचानक ऊर्जा गमावली. त्या ऊर्जेच्या आसपास नळीत आयनांसारखा विद्युतप्रवाहही दिसत असे. त्यांनी निष्कर्ष काढला की 4.9 ला पारा आयनित होतो. तो चूक होता. पाऱ्याचा खरा उंबरा 10.4 आहे. 4.9 ला अणू तुटत नाही, नुसता उत्तेजित होतो आणि 254 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश सोडतो, आणि तो प्रकाश नळीतल्या धातूवर पडून त्यातून इलेक्ट्रॉन काढतो. मापकाला प्रवाह दिसतो. आयनांचा की प्रकाशानं काढलेल्या इलेक्ट्रॉनांचा, हे मापक सांगत नाही. बोरनं 1915 मध्ये ही शंका काढली, आणि 1917 मध्ये अमेरिकेत डेव्हिस आणि गाउचर यांनी दोन्ही प्रवाह वेगळे करून दाखवले. मोजमाप उत्तम होतं, वाचन चुकलं होतं. इलेक्ट्रॉन आणि अणूच्या टकरीचे नियम शोधल्याबद्दल फ्रांक आणि हर्ट्झ यांना 1925 चं नोबेल मिळालं ते त्याच मोजमापासाठी.

"त्यांच्याकडं दुसरी खूण नव्हती," सर म्हणाले. "तुझ्याकडं होती." यापेक्षा कठोर बोलणं मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही, आणि यापेक्षा खरंही.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेच्या मालकांना सगळं दाखवलं. सुधारित अहवाल द्यायला त्यांनी कांकूं केलं. हंगाम संपलेला, माल विकलेला, आता कशाला उकरायचं. दोन दिवसांनी तयार झाले, हे त्यांचं मोठेपण. मी काकांना फोन केला. काय झालं ते शेंडी न लावता सांगितलं: तुकडा म्हणजे काय, जुळं म्हणजे काय, आणि त्यांच्या नमुन्यात जुळं नव्हतं.

पलीकडं बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "पैसे तर गेले ताई. पण तो कागद पाठवा. गावात लोक म्हणत होते, चोरून मारलं असेल. सोसायटीत दाखवतो."

मी दोन पानं पाठवली. एकावर त्यांचा नमुना, दुसऱ्यावर शुद्ध क्लोरपायरीफॉस. चारही जागांना लाल पेनानं गोल केले: 197, 199, 314, 316. दुसऱ्या पानावर चारही गोलांत टोकं होती, पहिल्यावर एकाच गोलात.

त्यानंतर उलटही घडलं आहे. 2024 मध्ये दिंडोरीकडचा एक तरुण बागायतदार असाच शपथेवर सांगत होता, मारलंच नाही. मी त्याच्यासमोर फाइल उघडली. 197 आणि 199 खांद्याला खांदा लावून, 314 आणि 316 दीडास एक. माझ्या हातात काही नव्हतं. बोलता बोलता त्याला आठवलं की बांधापलीकडच्या कांद्यात शेजाऱ्यानं वाऱ्याच्या दिवशी फवारणी केली होती. अहवाल बदलला नाही, पण तो उठताना म्हणाला, "दिसलं ते कळलं." पुढच्या वर्षी त्यानं त्या बाजूला शेवरीची ओळ लावली.

सर आता येत नाहीत, गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. सोर्स मीच उघडते. महिना-दीड महिन्यानं तो काळवंडतो. ॲल्युमिनाची पावडर मेथनॉलमध्ये कालवून कापसाच्या बोळ्यानं तो घासायचा, पाण्यात, मेथनॉलमध्ये, ॲसिटोनमध्ये अल्ट्रासोनिकला लावायचा, भट्टीत वाळवायचा, आणि पुन्हा जोडताना तारेला बोट लागू द्यायचं नाही. नव्या मुलींना मी हे शिकवते तेव्हा आधी आर्गॉनची नळी आणते आणि 70 वरून 40 पर्यंत उतरून दाखवते. यंत्र शिकवण्याआधी तो उंबरा दाखवलाच पाहिजे, असं माझं पक्कं मत झालं आहे.

हे वाचणाऱ्यांत द्राक्षवाले, डाळिंबवाले, भाजीपाला निर्यात करणारे असतील तर त्यांच्याशी दोन शब्द. प्रयोगशाळेच्या अहवालावर "आढळले" असं आलं तर नुसता आकडा घेऊन परतू नका. त्या औषधाची आयनांची पानं मागा, तुमच्या नमुन्याचं आणि शुद्ध नमुन्याचं, शेजारी शेजारी. दोन्हींवर तीच टोकं तशाच उंचीची आहेत का, ते बघा. ते बघायला पदवी लागत नाही, डोळे पुरतात. राखून ठेवलेल्या जोडनमुन्याची पुन्हा तपासणीही मागा. आणि ही पानं तुम्हाला समजावून सांगायला प्रयोगशाळेतलं कुणी नाही म्हणालं, तर पुढचा नमुना दुसरीकडं द्या.